मानमोडीचे जामीनदार

मानमोडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कर्जाच्या गोष्टीत. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला लोकांनी दिलेलं हे नाव. माझ्या आज्याचं वय तेव्हा दहा-बारा असेल. दसरा झाला, गावात ताप शिरला आणि दिवाळीपर्यंत घरटी एखादं माणूस गेलं, असं तो सांगायचा. पण त्याची गोष्ट मेलेल्यांपासून सुरू होत नसे. चिलीम बाजूला ठेवून तो म्हणायचा, "आमच्या बापानं तिघायची जमानत घेतली होती."

चौघांनी मिळून सावकाराकडून बियाण्याचे धान आणि एक बैलजोडी उचलली होती. कागद एक, अंगठे चार. एकाने दिलं नाही तर बाकीच्यांनी भरायचं. धानाचं व्याज दिढी, म्हणजे एक खंडी नेली तर हंगामावर दीड खंडी आणून टाकायची. त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. बांधीत धान पोटरीवर येण्याआधीच करपला आणि वरून हा ताप आला. चौघांतले तिघे गेले. उरला आमचा पणजोबा. तो जगला, म्हणून चौघांचं कर्ज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आलं. तीन-चार वर्षांत सात एकर बांधी सावकाराच्या नावावर चढली आणि माझा आजा पुढे त्याच बांधीत सालदार म्हणून राबला. "ताप येता त सुटते बुढा," असं तो बापाबद्दल म्हणायचा, आणि म्हणताना हसायचा. लहानपणी मला ते हसणं समजत नसे.

मी बँकेत लागलो १९८२ साली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं मी या दोन जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात काढली. बँकेचं गणित मला तिथे शिकायला मिळालं आणि पणजोबाचा कागदही तिथेच उलगडला. बँक हे धरूनच चालते की शंभर कर्जदारांतले चार-पाच बुडतील. कुणाचा बैल मरेल, कुणाच्या घरी दुखणं निघेल, कुणी दारूत घालवेल. बाकीचे पंच्याण्णव भरतात म्हणून ते पाच सोसता येतात. ठेवीदारांचंही तसंच. सगळे एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत, यावरच बँक उभी आहे. जामीनदाराची गोष्टही त्याच विश्वासावर चालते, की माझ्या घरावर संकट येईल तेव्हा शेजाऱ्याचं घर ठीक असेल. साथीचा रोग नेमका हा विश्वासच मोडतो. ती एका घरी येत नाही, ओळीने सगळ्या घरांत शिरते. मग जामीनदार आणि कर्जदार यांत फरक उरत नाही.

आपल्याकडे गावोगाव पतसंस्था निघाल्या त्या १९०४ च्या सहकारी कायद्याने. जर्मनीतल्या रायफायझेन नावाच्या गृहस्थाने खेड्यांतल्या गरिबांसाठी घालून दिलेली पद्धत इंग्रज सरकारने उचलली. गावातल्या माणसांनी एकत्र यायचं, एकमेकांची हमी घ्यायची आणि त्या हमीवर कर्ज मिळवायचं. जबाबदारी अमर्यादित, म्हणजे संस्था बुडाली तर शेवटच्या सभासदाच्या शेवटच्या भांड्यापर्यंत वसुली. कल्पना वाईट नव्हती. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही त्याच्याकडे शेजारी तर असतोच. पण १९१८ साली पाऊस गेला, ताप आला. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज करतात, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या मुलखांत आपला मध्य प्रांत होता. १९२० सालीही पाऊस नीट झाला नाही. पतसंस्थांची थकबाकी इतकी साचली की १९२२ साली मध्य प्रांत सरकारला किंग समिती नेमून साऱ्या सहकाराची चौकशी करावी लागली.

सावकार मात्र टिकला. त्याचं कारण कुणी त्याच्या कडकपणात शोधतं, कुणी त्याच्या कागदांच्या हुशारीत. मला वाटतं कारण सोपं आहे. सावकाराकडे तारण होती जमीन. पतसंस्थेकडे तारण होता माणूस. साथीत माणूस गेला, जमीन जागेवर राहिली. गंमत अशी की १९१८ मध्येच सरकारने जुलमी व्याजाविरुद्ध कायदा केला होता. कोर्टाला वाटलं तर असं व्याज कमी करता येत होतं. पण आमच्या पणजोबाला कोर्ट म्हणजे चांदा, आणि चांदा म्हणजे बैलगाडीने तीन मुक्काम.

आता माझ्या नोकरीच्या काळाकडे येतो.

ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून आम्ही म्हशी, शेळ्या, बैलजोड्या वाटत होतो. वाटत होतो हाच शब्द बरोबर आहे. उद्दिष्ट वरून यायचं, जनावरं बाजारातून यायची, आदिवासी लाभार्थ्याला निम्मी सबसिडी आणि निम्मं कर्ज. प्रत्येक जनावराचा विमा असे आणि त्याच्या कानात एक बिल्ला ठोकलेला असे. जनावर मेलं तर बिल्ला आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला बँकेत आणायचा, मग विमा कंपनी पैसे देणार.

कागदावर हे छान दिसायचं. पण घटसर्प यायचा पावसाळ्यात. पावसाळ्यात तिकडचे नाले भरतात, भामरागडची पर्लकोटा फुगली की पलीकडची गावं तुटतात. म्हैस सकाळी चारा सोडायची, गळा सुजायचा आणि दुसऱ्या दिवशी आडवी. एका टोल्यातल्या पाच-सहा एका आठवड्यात. डॉक्टर येणार कुठून, आणि आला तरी तोवर काय तपासणार? एकदा श्रावणात एक माडिया गडी दोन दिवस चालून शाखेत आला. हातात पळसाच्या पानांचा पुडा. माझ्या टेबलावर त्याने तो उलगडला तेव्हा सगळी शाखा नाक दाबून बाहेर पळाली. आत म्हशींचे चार कान होते, बिल्ल्यांसकट. एक त्याच्या म्हशीचा, तीन शेजाऱ्यांच्या. दाखला एकाचाही नव्हता. मी बिल्ल्यांचे नंबर उतरवून घेतले, पंचनामा लिहिला, सरपंचाची सही मागवली आणि दावे पाठवले. ते परत आले. दाखल्याशिवाय चालणार नाही.

त्या चौघांचं कर्ज आमच्या वहीत तसंच राहिलं. वसुलीला गेलं की ते रिकामा गोठा दाखवायचे. पुढे १९९० साली दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली, त्यात ती खाती मिटली. वर्तमानपत्रांत तेव्हा लिहून येत होतं की कर्जमाफीने लोकांची नियत बिघडते. बिघडत असेल कुठे कुठे. मला ते चार कान आठवायचे.

माणसांच्या रोगाने बँक कशी अडते, तेही याच भागात पाहिलं. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात. एक मॅनेजरकडे, एक रोखपालाकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. चोरीपासून बचाव म्हणून हा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गडचिरोलीचा मलेरिया नव्हता. आम्ही शाखेत तिघे होतो. एका वर्षी पाऊस सरता सरता शिपायाला ताप आला आणि मागोमाग रोखपालाला, तोही मेंदूकडे जाणारा. महिन्याची पहिली तारीख होती. आश्रमशाळेचे मास्तर पगाराला येऊन बसलेले, तिजोरीत रक्कम आहे आणि हात घालता येत नाही. चावी दुसऱ्याला द्यायची तर रजिस्टरवर रोखपालाची सही हवी, आणि तो अंगावर तीन घोंगड्या घेऊन कुडकुडतो आहे. शेवटी चार पोरांनी त्याला खाटेवर उचलून शाखेत आणलं. त्याने सही केली, ती त्याची सही वाटत नव्हती, पण मी ती ग्राह्य धरली. मग त्याच खाटेवर त्याला ट्रॅक्टरमध्ये ठेवून दवाखान्यात पाठवलं. तो वाचला. आश्रमशाळेच्या मास्तरांना पगार मिळाला. निवृत्त होईपर्यंत मी जिथे जिथे मॅनेजर होतो तिथे पावसाळा लागला की पहिली विचारपूस मच्छरदाण्यांची करत असे.

२०१८ मध्ये मी निवृत्त होऊन गावी, सिंदेवाही तालुक्यात, येऊन राहिलो. त्यामुळे कोरोना मी काउंटरच्या अलीकडून पाहिला.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. २०२० च्या मे महिन्याच्या मध्यापर्यंत गडचिरोली जिल्ह्यात कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता. चंद्रपुरातला पहिलाही मे उजाडल्यावरच सापडला. म्हणजे रोग आमच्याकडे यायच्या दीड महिना आधी रोगाचा खर्च येऊन बसला होता. आणि आला तो अगदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. शेतीकर्ज ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा आठवडा काय असतो ते सांगायला नको. पीक कर्ज ३१ मार्चपर्यंत भरलं तर व्याजात सवलत मिळते. म्हणून आमच्याकडे लोक मार्चमध्ये कर्ज नवं-जुनं करतात. हातात पैसा नसतोच. कुणाकडून तरी महिन्याला शेकडा पाचने पंधरा दिवसांसाठी रक्कम उचलायची, बँकेत भरायची, आठवडा-पंधरवड्यात नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून देणेकऱ्याला मोकळं करायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आहे आणि बँकेतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या चुलतभावाने २० मार्चला साठ हजार असेच उचलून भरले. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळा देश बंद. शाखा चालू होती, पण निम्म्या माणसांवर, आणि ती माणसं फक्त पैसे देण्या-घेण्यात गुंतलेली. नवं कर्ज त्याला मिळालं ते रोवणीच्या तोंडावर, जून अर्धा उलटल्यावर. तेवढ्यात शेकडा पाचने नऊ हजार होऊन बसले. इकडे सरकारने मुदत आधी ३१ मे आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. म्हणजे ज्याने भरलंच नव्हतं तो सुटला आणि ज्याने प्रामाणिकपणे वेळेआधी भरलं तो नऊ हजारांना गेला. मुदतवाढ चुकीची होती असं मी म्हणत नाही. तीच योग्य होती. पण बँकेच्या वहीत भावाचं खातं सर्वांत चांगलं दिसत होतं आणि घरात त्याचीच परिस्थिती सर्वांत वाईट होती.

एप्रिलमध्ये जनधनचे पाचशे आले. बायकांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे. खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरले होते: ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ ला दोन आणि तीन, असं ९ तारखेपर्यंत. कागदावर गर्दी पाच दिवसांत वाटली गेली. पण शेवटचा आकडा बघायला पासबुक वाचता यायला हवं, आणि पासबुक एका टोपल्यात, टोपलं माळ्यावर. शिवाय कुठून तरी वावडी उठली. शाखेच्या दारात उन्हात बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "काकाजी, आज काढले नाई त सरकार वापस घेते म्हन्तेत." मी सांगितलं, कुणी घेत नाही, पैसे तुमचेच आहेत, महिन्याभराने काढा. तिने मान हलवली आणि तिथेच बसून राहिली. चौदा किलोमीटर चालत आली होती. माझ्या शब्दावर परत जायला ती काही वेडी नव्हती.

मी तरी तिला काय दोष देणार? सगळ्या देशाने तेच केलं. २०२०-२१ या एका वर्षात चलनातल्या नोटांचं मूल्य १६.८ टक्क्यांनी वाढलं, असं रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आहे. नोटेला हात लावला तर रोग होतो म्हणून शहरात लोक मोबाइलवरून पैसे द्यायला लागले, आणि त्याच वेळी घरात नोटा साठवू लागले. भीती दोन्हीकडची होती, आणि माणसाने दोन्ही पाळल्या.

आमच्या गावात बँक म्हणजे बँक मित्र. एक पोरगा, एक लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र. रेशन दुकानात अंगठा लावायचं सरकारने काही काळ थांबवलं होतं, कारण एकाच काचेवर सगळ्या गावाचा अंगठा. बँक मित्राच्या यंत्राला ते शक्य नव्हतं. अंगठ्याशिवाय पैसेच निघत नाहीत. तो पोरगा दर माणसानंतर कापसाने काच पुसायचा. बायकांचे अंगठे मोहाच्या आणि रोवणीच्या कामाने झिजलेले, त्यावर आता सॅनिटायझर. यंत्र दहादा नाही म्हणायचं. मग फडक्याने अंगठा पुस, पुन्हा लाव. ज्या काळात कुणी कुणाच्या जवळ जायला तयार नव्हतं, तेव्हा महिन्याला काही हजार कमिशनवर हा पोरगा दिवसाला साठ-सत्तर जणांचा हात हातात धरून काचेवर टेकवत होता. बँकिंग क्षेत्राने महामारीला कसं तोंड दिलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमच्या गावापुरतं उत्तर एवढंच आहे.

मार्चच्या अखेरीला माणसं परत यायला लागली. आमच्याकडची मंडळी दर उन्हाळ्याआधी तेलंगणात खम्मम, वारंगलकडे मिरची तोडायला जातात. गाड्या बंद, म्हणून चालत निघाली. मजुरीचे पैसे काहींना मिळाले, काहींना मिरचीच मिळाली, आणि मिरची विकायला बाजार नव्हता. गावाबाहेर शाळेत त्यांना चौदा दिवस ठेवलं. त्याच मिरचीच्या पैशावर महिला गटांचे हप्ते ठरलेले होते.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते तीन महिने लांबवायची मुभा दिली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सहा महिने हप्ता थांबला. व्याज थांबलं नाही. हे वाक्य मला आमच्या वस्तीतल्या पाच बायकांच्या गटाला समजावून सांगावं लागलं. त्यांनी एका खासगी कंपनीकडून प्रत्येकी तीस हजार घेतले होते, एकमेकींच्या हमीवर. मी मातीवर काडीने हिशेब केला. वर्षाला चोवीस टक्के धरले तर महिन्याला सहाशे, सहा महिन्यांचे छत्तीसशे. ते माफ नाहीत, मागे लागणार आहेत.

"मंग थांबून काय फायदा जी?" एकीने विचारलं.

"आज घरात आहेत का पैसे?"

"नाई."

"मग तोच फायदा."

कंपनीचा माणूस मात्र फोन करून सांगत राहिला की हप्ते थांबवले तर पुढचं कर्ज मिळणार नाही. पाचांतल्या चौघींच्या घरात मिरचीची मजुरी बुडालेली. पाचवी अंगणवाडी सेविका. तिचं मानधन तेवढं येत होतं. तीन महिने तिने स्वतःचा आणि आणखी दोघींचा हप्ता भरला. उरलेल्या दोघींनी मंगळसूत्रातले मणी आणि डोरलं सोनाराकडे नेलं. मी सेविकेला म्हटलं, बाई, तू भरू नकोस, मुभा आहे. ती म्हणाली, "मंग फोन मलेच येते ना काकाजी. पगार माह्याच घरात हाय." मला पणजोबा आठवला. साखळीत ज्याच्याकडे थोडं शिल्लक असतं, सगळं ओझं सरकत सरकत त्याच्याकडे येतं. पुढच्या वर्षी तेंदूच्या फळीवर पुडे विकून त्या दोघींनी तिचे पैसे फेडले, हे सांगायला हवं. सत्तर पानांचा एक पुडा, असे किती बांधले असतील ते त्यांनाच ठाऊक.

व्याजावरच्या व्याजाचा झगडा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ च्या मार्चमध्ये निकाल लागला की त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज कुणाकडूनच घ्यायचं नाही. सरळ व्याज मात्र द्यायचंच होतं. गटाच्या हिशेबात या निकालाने किती फरक पडला ते मी काढून पाहिलं, दोनशे रुपयांच्या आतबाहेर.

आणि बँका? जुलै २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने अंदाज केला होता की पुढच्या मार्चपर्यंत बुडीत कर्जांचं प्रमाण साडेबारा टक्क्यांवर जाईल. प्रत्यक्षात ते साडेसातच्या आसपास राहिलं. बँका तरल्या. मला त्याचा आनंदच आहे, माझी पेन्शन तिथूनच येते. पण माझं आयुष्य वहीत गेलं आहे, आणि वहीत एका बाजूची रक्कम कमी झाली की ती कुठे गेली हे शोधायची सवय आहे. सेविकेच्या मानधनात, भावाच्या नऊ हजारांत आणि सोनाराच्या पेटीत ती मला सापडली.

दुसरी लाट २०२१ च्या एप्रिलमध्ये आली आणि ती खरोखरची होती. चंद्रपुरात खाट मिळेना, लोक रुग्णाला गाडीत घालून तेलंगणापर्यंत जाऊन परत आले. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत मिळून अकरा माणसं गेली. पावसाळ्याच्या तोंडाला मी आणि बँक मित्र त्या अकरा घरी गेलो, पासबुकं मागितली आणि एकच नोंद शोधली: ३३० रुपये.

प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा तो वर्षाचा हप्ता. दोन लाखांचा विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो. २०१५ साली योजना निघाली तेव्हा आम्ही बँकवाल्यांनी उद्दिष्टासाठी गावेगावी फॉर्म भरून घेतले होते. लोकांनी अंगठे दिले आणि विसरून गेले. अकरापैकी चार पासबुकांत ती नोंद सापडली. घरच्यांना पत्ताच नव्हता. वारसाचं नाव, मृत्यूचा दाखला, रद्द केलेला चेक, चेक नसेल तर पासबुकाची झेरॉक्स, असं सगळं गोळा करून दावे पाठवले. चौघांच्या घरी दोन-दोन लाख आले.

पाचव्या घरी बेचाळीस वर्षांचा गडी गेला होता. त्याच्या पासबुकात २०१५ ला ३३० होते, १६ ला होते, असे २०१९ पर्यंत दर मे महिन्यात. २०२० च्या मेमध्ये नव्हते. मी वरच्या ओळी पाहिल्या. १८ मे, काढलेली रक्कम अकराशे. शिल्लक चाळीस रुपये. महिन्याअखेर हप्ता कापायला यंत्र आलं असेल तेव्हा खात्यात चाळीसच होते. विमा तिथेच तुटला.

त्याची बायको म्हणाली, "तवा सारेच काढून रायले होते. आमीबी काढले. बँक बंद होईन म्हनत होते."

मी पासबुक मिटून तिच्या हातात दिलं. तिला पुढे कोरोनामुळे गेलेल्यांचं सानुग्रह अनुदान, पन्नास हजार, मिळालं. त्यासाठीही तपासणीचा कागद लागला होता, तो सुदैवाने तिच्याकडे होता.

आता हप्ता ३३० चा ४३६ झाला आहे. दर वर्षी मेच्या पंधरा तारखेला बँक मित्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहितो: खात्यात ४३६ ठेवा, ३१ पर्यंत काढू नका. मागच्या वर्षी पावसाने ते पुसलं गेलं म्हणून त्याने यंदा तेलाच्या रंगाने लिहिलं आहे.